‘खोकललंय तर टाके सुटतले’: पोटाच्या ऑपरेशननंतर बसलेल्या एका फुप्फुसाचं प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे, पुरुष, वजन ५४ किलो, चाळीस वर्षं बिडी. देवगड ते आचरा या पट्ट्यातल्या एका गावचे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जुलैचा तिसरा आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी असते, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या आणि दिवसभर वाकून जाळी सांधायचं काम. कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या दीड महिना उपाशीपोटी चालू होत्या. एका संध्याकाळी पोटात सुरी खुपसल्यासारखं दुखलं आणि पोट फळीसारखं कडक झालं. उभ्या एक्स-रेत श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) हवेची चंद्रकोर स्वच्छ दिसत होती. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच भोक पडलं होतं.

सर्जननी पोट उघडून भोक शिवलं, वर चरबीचा पदर बसवला, पोट धुऊन काढलं. पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एक तास पन्नास मिनिटं. भूल मी दिली. भोक नीट भरलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते दुसऱ्या रात्रीबद्दल, कारण त्या रात्रीच्या गडबडीत माझाही वाटा होता.

पहाटे साडेतीनला वॉर्डातून फोन आला. मास्कवर चार लिटर ऑक्सिजन चालू असून बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ८७ टक्के दाखवत होतं. श्वास मिनिटाला ३२, नाडी ११८, ताप १००.६. मी पोचलो तेव्हा तांडेलकाका पाठीवर सपाट झोपलेले, दोन्ही हात पोटावर घट्ट. श्वास इतका वरवरचा की चादर जेमतेम हलत होती. छातीत घरघर ऐकू येत होती आणि खोकला येतोय असं वाटलं की ते दात आवळून तो गिळून टाकत होते.

‘‘काका, खोका जरा.’’

‘‘नको डॉक्टरांनु. खोकललंय तर टाके सुटतले.’’

डाव्या छातीच्या खालच्या भागात हवेचा आवाज नव्हताच. टिचकी मारली तर बोथट. गळ्यातली श्वासनळी किंचित डावीकडे सरकलेली. हे शेवटचं लक्षण मला नेहमी उपयोगी पडतं. फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा साचली तर नळी दुसरीकडे ढकलली जाते. फुप्फुस आकसलं तर ती त्याच बाजूला ओढली जाते. फिरत्या मशीनवर एक्स-रे काढला. हृदयाच्या मागे शिडासारखी त्रिकोणी पांढरी सावली होती आणि डाव्या श्वासपटलाची कड पुसली गेलेली. डाव्या फुप्फुसाचा खालचा खंड बसला होता. वैद्यकीय भाषेत ॲटेलेक्टॅसिस, वॉर्डाच्या भाषेत ‘कोलॅप्स’.

पायाला सूज नाही, पोटरी दुखत नाही, ईसीजी ठीक. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असती तर एवढी मोठी सावली आणि ओढली गेलेली श्वासनळी एकत्र दिसायची नाही. न्यूमोनियाची शंका राहिली. ती घटकाभर बाजूला ठेवली.

या दुखण्याची पहिली चांगली नोंद लंडनच्या विल्यम पाश्चर या डॉक्टरांची आहे. (रेबीजच्या लसीचे लुई पाश्चर ते वेगळे.) १९०८ मधलं त्यांचं व्याख्यान आणि १९१० मधला निबंध पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अचानक बसणाऱ्या फुप्फुसाबद्दल होता. श्वासपटल संपावर गेलं की खालचं फुप्फुस मिटतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आमच्या वॉर्डात त्या पहाटे जे दिसत होतं ते शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

मधल्या काळात कळलं ते असं, की फुप्फुस मिटायला सुरुवात वॉर्डात होत नाही, टेबलावरच होते. १९८५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी भूल दिलेल्या माणसांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा भूल चढल्यापासून पाच मिनिटांत फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात गच्च झालेले पट्टे दिसले. निरोगी माणसांतही. पूर्ण भूल दिलेल्या दहांतल्या जवळपास नऊ जणांत हे थोडंफार होतं. कारण सरळ आहे. झोपवलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर रेटतात, स्नायू सैल पडले की श्वासपटल प्रतिकार करत नाही, आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा आणखी कमी होते. खालचे वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, चिरडले जातात.

दुसरं कारण आमच्या हातातलं आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो रक्तात फारसा जात नाही. घरातला आधाराचा खांब म्हणावा तसा तो वायुकोश उघडा धरून ठेवतो. भूल देण्याआधी आम्ही १०० टक्के ऑक्सिजन देतो तेव्हा हा खांब काढून घेतो. मग एखादी बारीक नळी बेडक्याने बंद झाली की तिच्या पलीकडचा सगळा ऑक्सिजन रक्त शोषून घेतं आणि तो भाग रिकाम्या पिशवीसारखा चपटा होतो. २००३ सालच्या एका अभ्यासात भुलीआधी १००, ८० आणि ६० टक्के ऑक्सिजन देऊन सीटी काढले. मिटलेला भाग अनुक्रमे ५.६, १.३ आणि ०.२ टक्के भरला. हे वाचून कुणी म्हणेल, मग ६० टक्केच द्या की. पण त्याच अभ्यासात श्वास थांबल्यावर ऑक्सिजन ९० पर्यंत उतरायला १०० टक्क्यांवर ४११ सेकंद लागले, ६० टक्क्यांवर फक्त २१३. भरल्या पोटी, मध्येच उलटी होण्याची भीती असलेल्या माणसाच्या घशात नळी घालताना ते जादाचे तीन मिनिट मी सोडणार नाही. फुप्फुस थोडं मिटलं तर नंतर उघडता येतं.

आणि इथेच मी चुकलो. उघडायचं राहिलं.

मिटलेलं फुप्फुस भूल चालू असताना उघडायची रीत ठरलेली आहे: ४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब सात-आठ सेकंद धरून ठेवायचा आणि मग श्वासाच्या शेवटी थोडा दाब कायम ठेवायचा, म्हणजे ते पुन्हा मिटत नाही. सुरुवातीला काकांचं ब्लडप्रेशर ९० होतं. छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, म्हणून मी म्हटलं, आधी सलाइन जाऊ दे. सलाइन गेलं, प्रेशर वर आलं, पोट धुणं सुरू झालं आणि ती गोष्ट माझ्या डोक्यातून निसटली. श्वासाच्या शेवटचा हा दाब ५ सेंटिमीटरवर होता, एका श्वासाची हवा ४२० मिली, म्हणजे उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे सुमारे ७. हे दोन्ही आकडे योग्य होते. पण नळी काढताना सवयीने पुन्हा १०० टक्के ऑक्सिजन, आणि फुप्फुस न फुगवताच रुग्ण बाहेर.

या विषयातलं संशोधन एका दमात वाचलं तर डोकं फिरतं, हेही सांगून टाकतो. २०१३ सालच्या फ्रान्समधल्या चाचणीत पोटाच्या ऑपरेशनच्या ४०० रुग्णांपैकी अर्ध्यांना लहान श्वास, ६ ते ८ चा शेवटचा दाब आणि दर अर्ध्या तासाने फुगवणं दिलं. उरलेल्यांना मोठे श्वास आणि शेवटी शून्य दाब. मोठ्या गुंतागुंती १०.५ विरुद्ध २७.५ टक्के. सगळे खूश. पुढच्याच वर्षी ९०० रुग्णांच्या चाचणीत १२ चा दाब आणि फुगवणं यांची तुलना जवळपास शून्य दाबाशी झाली. दोन्ही गटांत लहानच श्वास. निकाल ४० विरुद्ध ३९ टक्के, आणि जास्त दाबाच्या गटात ब्लडप्रेशर जास्त वेळा कोसळलं. २०१९ मध्ये जाड रुग्णांत १२ आणि ४ यांची तुलना झाली, तिथेही ठळक फरक नाही. माझं मत असं, की २०१३ च्या फायद्यातला मोठा वाटा लहान श्वासाचा असावा. दाबाला ‘जितका जास्त तितका बरा’ हा नियम लागू नाही. म्हणून मी ५ ते ६ वर थांबतो. फुगवणं मात्र प्रेशर सावरल्यावर एकदा आणि नळी काढायच्या आधी एकदा.

परत वॉर्डात. केसपेपर चाळला. दुखण्यासाठी लिहिलं होतं: पॅरासिटामॉल दर आठ तासांनी, ट्रॅमाडॉल ‘लागल्यास’. अक्षर माझंच. डायक्लोफेनॅकसारखी औषधं देता येत नव्हती, कारण त्याच जातीच्या गोळ्यांनी भोक पडलं होतं. पाठीतून एपिड्यूरल (मणक्याजवळ बारीक नळी घालून बधिर करायचं औषध देणं) घालायचं पोटात पू असल्यामुळे टाळलं. म्हणजे दोन भक्कम वाटा बंद, आणि उरलेल्या वाटेवर मी ‘लागल्यास’ लिहून मोकळा. आता, समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस सिस्टरला बोलावून ‘माका दुखता’ म्हणेल? त्यांना ३४ तासांत ट्रॅमाडॉल एकदाच मिळालं होतं. दुखणं किती, हे निजलेल्या माणसाला विचारून काही कळत नाही. खोकायला सांगायचं आणि बघायचं.

एवढ्यात काकी बाहेरच्या बाकावरून आत आल्या. सहज विचारलं, आधी खोकला-बिकला होता का?

‘‘होतो तर. पंधरा दिवसांआदी तापच इल्लो. खोकलोय होतो. गोळये घेतल्यानी पाच दिवस.’’

हे आम्ही विचारलंच नव्हतं. स्पेनमधल्या कॅटलोनियात २,४६४ रुग्णांवरून बांधलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक गुणतक्ता आहे, ‘अरिस्कॅट’ नावाचा; कागदावर दोन मिनिटांत भरता येतो. काकांचा हिशोब असा: वय ५१ ते ८० मध्ये म्हणून ३, साध्या हवेवर ऑक्सिजन ९३ म्हणून ८, पोटाच्या वरच्या भागात छेद १५, तातडीचं ऑपरेशन ८. दोन तासांच्या आत आटोपलं म्हणून वेळेचा शून्य. एकूण ३४. या पट्ट्यात फुप्फुसाची गुंतागुंत होण्याचं प्रमाण त्या अभ्यासात १३ टक्क्यांच्या आसपास होतं. पण महिन्याभरात ताप आणि औषधाचा कोर्स घ्यावा लागलेला छातीचा संसर्ग असेल तर त्याला १७ गुण. ३४ चे ५१ झाले, आणि ४५ च्या वरचं प्रमाण ४२ टक्के आहे. ऑपरेशन त्यामुळे टळलं नसतं. पण ५१ गुणांच्या माणसाच्या पेपरवर ‘लागल्यास’ लिहायला माझा हात धजला नसता.

आता करायचं काय. मुलाचा प्रश्न सरळ होता: ‘‘गोव्याक न्हेवया काय?’’ दुर्बिणीने फुप्फुसातला बेडका काढायची सोय आमच्याकडे नाही. त्यासाठी गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर पावसात अडीच तास, ८७ ऑक्सिजनवर. पण दुर्बीण घातली की फुप्फुस झटकन उघडतं, ही समजूत तपासून झालेली आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत अचानक खंड बसलेल्या ३१ रुग्णांत एका गटाला लगेच दुर्बीण, दुसऱ्याला खोल श्वास, खोकला, वाफारा, छाती थोपटणं असा नेटाचा उपचार दिला, निकाल सारखेच. अभ्यास छोटा आहे, पण त्यातली एक बारीक गोष्ट फार कामाची. एक्स-रेतल्या पांढऱ्या भागात हवेने भरलेल्या नळ्यांच्या काळ्या रेघा दिसल्या तर फुप्फुस उघडायला वेळ लागतो, कारण अडथळा लांब, बारीक नळ्यांत असतो. आमच्या एक्स-रेत रेघा नव्हत्या. बूच मोठ्या नळीत होतं, म्हणजे खोकल्याच्या टप्प्यात.

मुलाला सांगितलं, १०८ ला कळवून ठेवतो, आठ वाजेपर्यंत फरक पडला नाही तर निघायचं. वेळ ठरवून सांगितली की नातेवाईक धीर धरतात, आणि डॉक्टरही ‘अजून थोडं बघू’ म्हणत दुपार करत नाही.

साडेचारला सोनोग्राफीखाली पोटाच्या मधल्या स्नायूंच्या आवरणात दोन्ही बाजूंनी बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध दिलं, ०.२५ टक्क्यांचं प्रत्येकी २० मिली. वीस मिनिटांनी काकांनी पोटावरचे हात पहिल्यांदा बाजूला घेतले. त्यांना उठवून बसवलं, पाठीला दोन उशा. नुसतं बसवल्याने ८७ चे ८९ झाले. मग साध्या सलाइनचा आणि श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा वाफारा. घरून आणलेल्या गोधडीची घट्ट वळकटी करून ती जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरायला दिली.

खोल श्वास घ्या म्हटलं की बहुतेक माणसं खांदे वर करतात आणि पोट आत घेतात, म्हणजे नेमकं उलटं. रात्रपाळीच्या सिस्टर मालवणच्या. त्या म्हणाल्या, ‘‘काकानु, रापण ओढतास तेव्हा ‘ओढ’ म्हणूच्या आदी दम कसो भरतास? तसो भरा. भरून धरा. आता सोडा.’’ काकांच्या बरगड्या दोन्ही बाजूंना रुंद झाल्या. मी पाच वर्षं ‘नाकाने आत, तोंडाने बाहेर’ सांगत होतो. तीन-चार असे दम, मग थेट खोकला न करता तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतात तसा ‘हाः’ करून जोरात श्वास सोडायचा. मग उजव्या कुशीवर, बसलेली बाजू वर. तसं झोपवलं की चांगल्या फुप्फुसाला रक्त जास्त मिळतं आणि वरच्यातला बेडका मोठ्या नळीकडे उतरतो.

त्याचबरोबर घट्ट मास्कने सततचा दाब, म्हणजे सीपॅप, साडेसात सेंटिमीटर. सर्जन जरा कुरकुरले: पोटात हवा गेली तर टाक्यावर ताण. रास्त शंका. म्हणून नाकातली नळी उघडी ठेवली आणि पोट फुगतंय का ते दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरलं. साडेसात हा आकडा इटलीतल्या २००५ सालच्या चाचणीतला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर ज्यांचा ऑक्सिजन उतरला होता अशा २०९ जणांत नुसत्या ऑक्सिजनवर १० टक्क्यांना पुन्हा नळी घालावी लागली, सीपॅपवर एका टक्क्याला. याच्या उलट, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४,८०० रुग्णांच्या चाचणीत ठरवून केलेल्या पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर सरसकट सीपॅप लावला, ऑक्सिजन उतरलेला असो नसो. काही फायदा झाला नाही. पुष्कळ जण या दोन निकालांना एकमेकांविरुद्ध उभं करतात. मला त्यात भांडण दिसत नाही. एक प्रश्न बुडणाऱ्याला दोर टाकण्याचा आहे, दुसरा किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या कमरेला दोर बांधण्याचा. आमचे काका पाण्यात होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी, मास्क काढून तिसऱ्यांदा ‘हाः’ करताना, काकांना उबळ आली आणि त्यांनी ती गिळली नाही. गोधडीची वळकटी छातीशी आवळून ते पुढे वाकले, चेहरा लाल झाला, आणि किडनी ट्रेमध्ये बोटभर लांबीचा, करडा-पिवळा, घट्ट बेडका पडला. त्याला एका टोकाला फाटा फुटलेला होता, नळीच्या आतला साचाच. सिस्टरनी ट्रे मुलापुढे धरली. तो दोन पावलं मागे सरला.

साडेसहाला ऑक्सिजन ९४, श्वास २४. आठ वाजता १०८ ला नको म्हणून कळवलं. दुपारच्या एक्स-रेत श्वासपटलाची कड अर्धी परत आली होती, दुसऱ्या दिवशी पूर्ण.

तापाचं राहिलं. रात्रपाळीचे डॉक्टर म्हणत होते, कोलॅप्सचा ताप आहे, अँटिबायोटिक वरचं करू. ‘कोलॅप्समुळे ताप’ हे आम्ही सगळे कॉलेजात घोकलेलं वाक्य. २०११ साली कुणीतरी त्याचा पुरावा शोधायला बसलं, तर आठ अभ्यासांत, जवळपास हजार रुग्णांत, दोन्हींचा संबंध सापडला नाही. दोन्ही गोष्टी ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत होतात, म्हणून जोडी लागलेली. ताप फुप्फुसाच्या खात्यावर टाकला की बाकीचं शोधायचं थांबतं, हा खरा धोका. आम्ही जखम पाहिली, लघवी पाहिली, आणि मग उजव्या मनगटाची पट्टी सोडली. सलाइनच्या सुईभोवती शीर दोरीसारखी कडक आणि लाल. सुई काढली, दुसऱ्या हाताला घातली. संध्याकाळपासून ताप नाही. अँटिबायोटिक आधीचंच चालू ठेवलं.

आणखी एक गंमत. सकाळी मुलाने मेडिकलमधून श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते निळं यंत्र, खेळण्यासारखं दिसणारं, आणलं. तासाभराने बघतो तर काका त्यात जीव खाऊन फुंकतायत आणि चेंडू जागचे हलत नाहीत. ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. मग त्यांनी युक्ती काढली: यंत्र उलटं धरलं, फुंकलं, तीनही चेंडू नाचले! पोटाच्या वरच्या भागातल्या ऑपरेशननंतर या यंत्राने गुंतागुंत टळते असा पुरावा २०१४ सालच्या कोक्रेन आढाव्याला (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) १२ अभ्यासांतून मिळाला नव्हता. वाईट काही नाही त्यात, पण ते हातात दिलं की आपलं काम झालं असं सगळ्यांना वाटतं. याउलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने एकदाच अर्धा तास बसून समजावलं आणि श्वासाचा सराव करून घेतला. गुंतागुंत २७ टक्क्यांवरून १२ वर आली. यंत्र नाही, औषध नाही. रुग्ण शुद्धीवर असताना आणि पोट दुखत नसताना त्याला सांगितलं, एवढंच. तातडीच्या ऑपरेशनला हा अर्धा तास मिळत नाही हे खरं. पण पित्ताशय आणि हर्नियाच्या ठरवलेल्या रुग्णांना आता आदल्या दिवशी त्याच सिस्टर शिकवतात. गोधडी घरून आणायला सांगतात.

काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं, ट्रॅमाडॉल घड्याळाप्रमाणे, दिवसातून तीनदा खुर्चीत, मग व्हरांड्यात चालणं. सीपॅप एकूण नऊ तास लागला. नवव्या दिवशी घरी.

नारळीपौर्णिमा झाल्यावर ते दाखवायला आले. साध्या हवेवर ऑक्सिजन ९५, डाव्या छातीत आवाज स्वच्छ. पोटातल्या जंतूंचा कोर्स पूर्ण केलेला, दुखण्याच्या गोळ्या बंद. बिडी सोडली का विचारलं तर काकी माझ्याकडे बघून हसल्या आणि काका खिडकीबाहेर बघायला लागले. शर्टाच्या खिशात बंडल होतं, निम्मं.